सीओईपीत मेटलर्जी की दुसरीकडे कॉम्प्युटर? भाचीचा ऑप्शन फॉर्म

कृष्णाकाठचा_मामा

नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी झाली. एमएचटी-सीईटीला साडेसत्त्याण्णवच्या आसपास पर्सेंटाइल आहे. कऱ्हाडची, ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर. कागदपत्रं व्हेरिफाय झाली, आता कॅपचा (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात उभे दोन तट पडलेत.

ताई आणि दाजींचं म्हणणं, सीओईपी (पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) लागत असेल तर शाखा कुठलीही चालेल. मेटलर्जी (धातुशास्त्र) असो, सिव्हिल असो. दाजींच्या ऑफिसातल्या कुणीतरी डोक्यात भरवलंय की कॉलेजचं नाव जन्मभर चिकटतं, शाखा नंतर कोणी विचारत नाही. पोरीचं म्हणणं, कॉम्प्युटरच. सांगलीचं वालचंद कॉलेज मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पुण्यातलं एखादं बरं खासगी. मेटलर्जी म्हटलं की तोंड वाकडं करते.

मी बीकॉम. दोघंही मला मध्यस्थ करतात आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. "मुलीला तिच्या मनाप्रमाणे करू द्या" एवढंच लिहिणार असाल तर ते आमच्या शेजारणीने सांगून झालंय.

मुळाकाठी

दाजींच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, म्हणून मी. सीओईपी, मेटलर्जी, बॅच जुनी आहे. मलाही मेटलर्जी नको होती, लागली म्हणून घेतली.

१८५४ पासून चालू असलेलं कॉलेज आहे, २०२२ मध्ये त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. पण इतिहासाने पोट भरत नाही हे मान्य. खरा फायदा शेजाऱ्यांचा. पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर तुमच्या बाजूच्या खोलीत राज्यातली पहिल्या शे-दोनशेतली पोरं असतात. रात्री दोनला कोणीतरी रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेचा गिअरबॉक्स घेऊन बसलेलं असतं, कोणी रेगाटाच्या, म्हणजे नौकास्पर्धेच्या, सरावाला पहाटे बोट क्लबवर निघतं. त्या गर्दीत राहून आपोआप तुमचं माप बदलतं. मी प्रोग्रामिंग वर्गात नाही शिकलो, खोलीत शिकलो.

आणि मेटलर्जी इतकी वाईट नाही हो. पोलादाचा तुकडा एमरी पेपरवर घासायचा, बारीक, आणखी बारीक, मग डायमंड पेस्टवर आरशासारखा करायचा, नायटलचा (सौम्य आम्लाचा) थेंब लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मघाशी नुसती चकचकीत असलेली जागा आता पट्ट्यापट्ट्यांचा पर्लाइट, म्हणजे पोलादाची आतली रचना, दाखवते. मला तिथे ती आवडली. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, भोसरी-चाकणची फोर्जिंगची दुकानं, सगळीकडे कास्टिंग का फुटलं हे सांगणारा माणूस लागतो. पगार सॉफ्टवेअरएवढा सुरू होत नाही, हे लपवत नाही.

जावा_जोशी

@मुळाकाठी, "लागली म्हणून घेतली, नंतर आवडली" हे सांगणारे भेटतात. न आवडलेले असल्या धाग्यांवर लिहायला येत नाहीत.

माझं मत सरळ. चार वर्षं रोज सकाळी उठून शाखा शिकायची असते, कॉलेजची पाटी नाही.

मुळाकाठी

पाटीनेच कंपनी गेटच्या आत येते साहेब.

जावा_जोशी

येते, आणि जॉब नोटिफिकेशनवर "कॉम्प्युटर, आयटी, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम)" असं लिहून तुमच्या मेटलर्जीच्या पोराला त्याच गेटवर थांबवते. सगळ्या शाखांना खुल्या कंपन्या असतात, मान्य, पण चांगल्या प्रॉडक्ट कंपन्यांतल्या किती? दाजींना म्हणावं, ठरवण्याआधी त्या कॉलेजच्या प्लेसमेंटचा आकडा शाखेनुसार मागा. अख्ख्या कॉलेजची सरासरी म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या पॅकेजवर बाकीच्यांची वरात.

सेवानिवृत्त_सर्किट

लाटा बघत बघत केस पिकले, म्हणून लिहितो. आमच्या वेळी सिव्हिल आणि मेकॅनिकलला मान होता. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, जागा वाढल्या, मग इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे देव झाला. मग कॉम्प्युटर. २००१-०२ ला डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा ऑफर लेटर हातात घेऊन जॉइनिंगची वाट बघत घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत. २००८ ला पुन्हा तेच. आता तर कोड लिहायला यंत्रच बसवलंय म्हणतात.

आज जी शाखा गरम आहे ती चार वर्षांनी गरम असेलच याची हमी कोणी देऊ नये. कॉलेज मात्र चार वर्षांत हलत नाही.

जावा_जोशी

काका, प्रत्येक पडझडीनंतर कॉम्प्युटर परत वर आलं, हेही लिहा की.

सेवानिवृत्त_सर्किट

लिहिलं असं समजा.

खडू_फळा

मी एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवते. कुठल्या ते विचारू नका, नोकरी करायची आहे अजून.

भाचीच्या बाजूने लिहायला आले होते, पण आधी तिच्या यादीतल्या "पुण्यातलं एखादं बरं खासगी" या शब्दांवर अडले. बरं म्हणजे कुठलं? एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून चांगल्या गणल्या जाणाऱ्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या तुकड्या भराभर वाढल्या. तुकडी मंजूर होते एका पत्राने. शिकवणारे तेवढ्या पटकन मिळत नाहीत. नियमाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो, पण यादीतलं नाव आणि वर्गातलं माणूस यांत फरक असतो. डेटा स्ट्रक्चर्स शिकवायला नुकतं एमटेक झालेलं, स्वतः कधी नोकरीत कोड न लिहिलेलं पोरगं उभं असतं आणि लॅबला एका मशीनवर तिघं. मुलं शेवटी यूट्यूब आणि एनपीटीईएलवरच (आयआयटीवाल्यांची मोफत ऑनलाइन लेक्चरं) शिकतात. मग मेटलर्जीत राहून तेच एनपीटीईएल बघणाऱ्या मुलीत आणि हिच्यात फरक उरतो तो मार्कशीटवरच्या शाखेच्या नावाचा. तो फरक खोटा नाही, जोशींनी वर सांगितलाच आहे, पण आपण नेमकं काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा वायफाय आणि कॅन्टीन बघू नका. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था. नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला मिळते, एनबीएची मान्यता एकेका शाखेला. गेटवर "एनबीए मान्यताप्राप्त" असा फलक असतो, ती मेकॅनिकलची असते आणि तुम्ही प्रवेश घेता चार वर्षांपूर्वी उघडलेल्या एआय-डेटा सायन्सला. शाखेचं नाव घालून विचारा. विभागप्रमुख किती वर्षं तिथे आहेत विचारा. आणि सगळ्यात सोपं, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली कॅन्टीनमध्ये गाठा, त्यांना चहा पाजा आणि विचारा की मागच्या सेमिस्टरला प्रत्येक विषय एकाच शिक्षकाने शेवटपर्यंत शिकवला का. त्या एकमेकींकडे बघून हसल्या तर तुम्ही समजून घ्या.

एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी या नावांना घाबरू नका आणि भुलूही नका. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स हे चारही आहेत का बघा. असतील तर ते कॉम्प्युटरच, पाटी वेगळी.

बॅकलॉग_बहाद्दर

सेकंड इयर, सिव्हिल, सरकारी कॉलेज. नाव सांगत नाही.

कोणीतरी आता येऊन म्हणेल की आधी चांगलं कॉलेज घ्या, मग पहिल्या वर्षानंतर ब्रँच चेंज करा. माझ्या आख्ख्या विंगने हाच प्लॅन केला होता. ब्रँच चेंज असतो, खरं आहे. पण तो रिकाम्या जागांवर आणि सीजीपीएवर असतो, आणि कॉम्प्युटरची जागा सोडून जातंय कोण? आमच्याकडे यादी लागली तेव्हा कॉम्प्युटरपुढे दोन नावं होती. दोघंही असे की आम्ही एम-टू (दुसऱ्या सेमिस्टरचं गणित) समजून घ्यायला त्यांच्याच खोलीत जायचो. बाकी विंग जिथे होती तिथेच.

मी सिव्हिलला रुळलोय, सर्व्हेच्या कॅम्पला मजा येते, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) खांद्यावर मारून डोंगर फिरायचा. पण ब्रँच चेंजच्या भरवशावर कॉलेज निवडू नका. ज्या शाखेत चार वर्षं काढायची तयारी आहे तीच लिहा.

नेकर_काठचा_शिऱ्या

स्टुटगार्टहून. एक मुद्दा कोणी काढला नाही.

पुढे परदेशी जायचा विचार असेल तर देशानुसार गणित बदलतं. इकडे जर्मनीत बहुतेक मास्टर्स कॉन्सेक्युटिव्ह असतात, म्हणजे बॅचलर त्याच विषयातलं लागतं. ते तुमची मार्कशीट घेऊन गणिताचे किती क्रेडिट, थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्सचे किती, असं मोजत बसतात. मेटलर्जीवाल्याला मटेरियल्समध्ये उत्तम विद्यापीठं उघडी आहेत, इन्फॉर्मेटिकमध्ये (इथलं कॉम्प्युटर सायन्स) दार जवळपास बंद. कॉलेज १८५४ चं आहे की परवाचं, याचं इथल्या क्लार्कला सोयरसुतक नाही. अमेरिकेत थोडी ढिलाई असते, शाखा वेगळी असली तर काही विषय आधी पूर्ण करायला सांगतात आणि घेतात.

मुळाकाठी

@शिऱ्या, हे पटलं. पण भारतात उलटं आहे. गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, कुठल्याही शाखेच्या माणसाला कॉम्प्युटरच्या पेपरने देता येते. माझ्या वर्गातला एकजण तसाच एमटेकला गेला, आज पूर्ण सॉफ्टवेअरमध्ये आहे. अवघड आहे, दोन शाखांचा अभ्यास एका डोक्यात, पण दार आहे.

लालफितीतली_ललिता

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर आणखी एक. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिस चारच शाखांची: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. कॉम्प्युटर नाही, मेटलर्जीही नाही. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेत सिव्हिलवाल्यांची चंगळ. दाजींनी मेटलर्जी आणि सिव्हिल एका दमात म्हटलंय, पण त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी खात्यात जायचं असेल तर सिव्हिल हा स्वतःच्या पायावर उभा असलेला पर्याय आहे, कॉम्प्युटर हुकलं म्हणून घ्यायची शाखा नव्हे.

कृष्णाकाठचा_मामा

एवढे प्रतिसाद बघून दाजींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, सीओईपीवालाच म्हणतोय चांगलंय." भाचीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "बघ मामा, जोशी बरोबर बोलतायत." प्रगती शून्य.

फॉर्मवाले_काका

मी दरवर्षी सीझनला ओळखीपाळखीच्या पोरांचे फॉर्म भरून देतो, पैसे घेत नाही, चहा घेतो. मामा, तुमच्या घरात वाद चाललाय तो "कॉलेज मोठं की शाखा मोठी". फॉर्ममध्ये हा प्रश्नच नाही. फॉर्ममध्ये आहेत चॉइस कोड, म्हणजे अमुक कॉलेजातली अमुक शाखा, एकाखाली एक, तीनशेपर्यंत. तुम्हाला फक्त एवढंच ठरवायचंय की या ओळीच्या वर ती ओळ की खाली.

म्हणून असं करा. भाचीला आणि दाजींना समोरासमोर बसवा आणि जोडीजोडीने विचारा. वालचंद कॉम्प्युटर की सीओईपी मेटलर्जी? दोघं सहज वालचंद म्हणतील बहुतेक. मग पुण्यातलं पहिल्या फळीतलं खासगी, तिथलं कॉम्प्युटर की सीओईपी मेटलर्जी? मग दुसऱ्या फळीतलं. मग शहराबाहेरचं, खडूताईंनी सांगितलं तसलं, एका मशीनवर तिघं. कुठेतरी भाची स्वतःच म्हणेल, "नाही, याच्यापेक्षा सीओईपी बरं." आणि कुठेतरी दाजी म्हणतील, "इथवर कॉम्प्युटर ठीक." त्या दोन रेघांत किती अंतर आहे ते बघा. माझ्या अनुभवात दोन-तीन ओळींचं निघतं. भांडण त्या दोन-तीन ओळींचं असतं आणि घर डोक्यावर घेतात तत्त्वासाठी.

आता यंत्राचं. वाटप मेरिटने होतं. तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि रिकामी असलेली पहिली जागा देतो. त्यामुळे न मिळणारा पर्याय वर लिहिला म्हणून खालचा हातचा जातो, हा गैरसमज आहे. शक्यता बघून क्रम लावू नका, आवडीने लावा. सीओईपी कॉम्प्युटर हवं असेल तर पहिला नंबर तोच लिहा, लाजू नका.

फक्त एक मेख आहे. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि ऑटो-फ्रीझ कडक झालं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी, तर ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या संपल्या. म्हणजे सीओईपी मेटलर्जी पाचवी लिहिली आणि तिसऱ्या फेरीत लागली, तर वरची चार चौथ्या फेरीत लागली असती तरी तुम्हाला मिळणार नाहीत. तेव्हा पहिल्या सहा ओळींत तेच लिहा जिथे थांबायला पोरगी राजी आहे. वरती मनापासून हवी असलेली, थोडी आवाक्याबाहेरची कॉम्प्युटर-आयटी सहा लिहिली, की मेटलर्जी आपोआप सहाच्या खाली सरकते आणि बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळण्याची, वाट शेवटपर्यंत उघडी राहते.

बॅकलॉग_बहाद्दर

काका, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही राव.

खडू_फळा

काका, दंडवत. एक भर. मामांनी फीचा मुद्दा काढलेला नाही, पण सीओईपीकडे ओढा असण्यामागे बहुतेक घरांत तोही असतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातही, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही. हॉस्टेल-मेस तुमचं तुम्हाला. तेव्हा सरकारी की खासगी, यातला फीचा फरक तुमच्या भाचीपुरता बराचसा गळून पडतो.

कृष्णाकाठचा_मामा

ताई, हे दाजींना माहीत होतं, पण "सगळं माफ म्हणतात आणि नंतर पावती फाडतात" म्हणून त्यांनी ते हिशोबातच धरलं नव्हतं. आता धरलं.

काल रात्री काकांनी सांगितलं तसं बसलो. जेवणं झाल्यावर चिठ्ठ्या केल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक चॉइस कोड आणि खाली कॉलेजचं नाव, आणि ताटाएवढ्या जागेत वरखाली सरकवत राहिलो. वरची पाच-सहा वादाशिवाय लागली, सगळी कॉम्प्युटर-आयटीची. सीओईपीतलं कॉम्प्युटर पहिलं, मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजचं दुसरं. हे काही लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग वालचंद, मग पुण्यातली दोन, मग आमच्याच कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीतलं आयटी. घरचं जेवण म्हणून ताईने ती चिठ्ठी हळूच एक घर वर सरकवली, भाचीने परत खाली आणली.

गंमत पुढे झाली. पुण्याबाहेरच्या दोन नव्या कॉलेजांची कॉम्प्युटरची चिठ्ठी आली तेव्हा भाची म्हणाली, "इथे शिकवणार कोण?" आणि सीओईपी तिच्या वर ठेवलं. पण मेटलर्जी नाही, सिव्हिल. ललिताताईंचा प्रतिसाद तिने स्वतः दोनदा वाचला होता म्हणे. दाजी इतके खूश झाले की मेटलर्जी त्याच्याही खाली गेली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता एकच ठिकाणी अडलंय. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये एकेका शाखेखाली दहा-बारा रकाने आहेत. दाजी ज्या आकड्याकडे बघून "सिव्हिल लागणार नाही" म्हणतात तो जीओपीईएनएसखालचा आहे. तोच बघायचा का?

फॉर्मवाले_काका

तो खुल्या सर्वसाधारण जागांचा. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे प्रवर्ग. शेवटचं एस म्हणजे स्टेट लेव्हल, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होमच्या बाहेरचे. तुमची भाची शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली, म्हणजे पुणे विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजांत तिने शेवटी ओ असलेला रकाना बघायचा, तिथे एच बघून हुरळून जायचं नाही. जिथे स्टेट लेव्हलच्या जागा आहेत तिथे एलओबीसीएस. सिव्हिलसमोर तो बघा, दाजींचा चेहरा बदलेल.

आणि फक्त शेवटच्या फेरीचा आकडा बघू नका, चारही फेऱ्यांच्या याद्या शेजारी ठेवा. जिथे पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत आकडा फारसा हलत नाही तिथे बेटरमेंटची आशा कमी.

नॉन-क्रिमीलेअर मूळ जोडलंय की अर्जाची पावती? पावती असेल तर दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र अपलोड झालं पाहिजे, आणि ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध पाहिजे. नाहीतर ती ओपनमध्ये जाते आणि मग दाजींचाच रकाना खरा ठरतो.

कृष्णाकाठचा_मामा

पावतीच आहे. जात वैधता आलीय, नॉन-क्रिमीलेअर प्रांत ऑफिसात अडकलंय. सकाळी दाजींना घेऊन सेतूत जातो, तिथून प्रांतांकडे. फॉर्म तोवर सेव्ह करून ठेवलाय, सबमिट केलेला नाही.

फॉर्मवाले_काका

सेव्ह म्हणजे काही नाही. कन्फर्म केल्याशिवाय फॉर्म धरत नाहीत. प्रांतांकडून आलात की आधी ते करा, आणि प्रिंट काढून भाचीकडून एकेक कोड मोठ्याने वाचून घ्या. एका आकड्याच्या फरकाने सिव्हिलऐवजी भलतंच काहीतरी लागलेलं पोरगं माझ्या समोर बसलंय एकदा.